चंडोलांचा नाताळ



नाताळचा गोठा घराघरांत पोहोचला, त्यामागे असिसीकर संत फ्रान्सिस यांचा मोठा वाटा आहे हे आपण जाणतो. १२२३ साली ग्रेचियो गावाजवळ त्यांनी गवताने भरलेली गव्हाण, बैल आणि गाढव आणवून नाताळची रात्र साजरी केली. नाताळविषयी त्यांची आणखी एक इच्छा होती. ती मात्र फारशी कोणी सांगत नाही. त्या दिवशी रानातल्या पाखरांनाही पोटभर दाणे मिळावेत, असे त्यांना वाटे. आज आम्ही त्या इच्छेविषयी लिहीत आहोत.

फ्रान्सिस यांचा जन्म इटलीतील असिसी येथे ११८१ किंवा ११८२ साली झाला. वडील पिएत्रो बर्नार्दोने हे कापडाचे सधन व्यापारी. तरुणपणी फ्रान्सिस यांना चैन आणि पराक्रम या दोन्हींची हौस होती. १२०२ साली पेरुजाविरुद्धच्या लढाईत ते पकडले गेले आणि सुमारे वर्षभर कैदेत राहिले. पुढे कुष्ठरोग्यांच्या सेवेत त्यांचे मन बदलले. १२०६ साली बिशपांसमोर त्यांनी अंगावरचे कपडेही वडिलांना परत केले. तेव्हापासून स्वतःचे म्हणावे असे त्यांच्याजवळ काही उरले नाही. १२०९ साली पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या बंधुसंघाला तोंडी मान्यता दिली.

असिसीचा प्रदेश डोंगराळ आहे. तेथील डिसेंबर आपल्या डिसेंबरसारखा नसतो. दिवस जेमतेम नऊ तासांचा, रात्र लांबलचक आणि उंचावर बर्फ. लहान पाखराचे अंग चिमुकले, त्यामुळे त्याची ऊब लवकर निघून जाते. दिवसभरात अंगी साठवलेली चरबी ते रात्रभर जाळते, तेव्हा कुठे सकाळ पाहते. सकाळी जमीन बर्फाने झाकलेली असली आणि दाणे सापडले नाहीत, तर पुढची रात्र निभावणे कठीण होते. उघड्यावर झोपणाऱ्या फ्रान्सिस यांना ही थंडी ऐकून नव्हे, भोगून ठाऊक होती. थंडीने मधमाश्या मरू नयेत म्हणून हिवाळ्यात त्यांच्यासाठी मध किंवा उत्तम द्राक्षारस ठेवण्यास ते सांगत, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आहे.

नाताळ हा त्यांच्या दृष्टीने सर्व सणांचा सण होता. त्यांच्या सहवासातील बंधूंनी त्यांची इच्छा अशी सांगून ठेवली आहे: सम्राटाची भेट झाली, तर त्याने एक कायदा करावा अशी विनंती ते करणार होते. दरवर्षी नाताळच्या दिवशी ज्यांना शक्य आहे त्यांनी गावाबाहेरच्या रस्त्यांवर गहू आणि इतर धान्य टाकावे, म्हणजे पाखरांना, विशेषतः चंडोलांना, मुबलक खायला मिळेल. त्याच दिवशी श्रीमंतांनी गरिबांना तृप्त होईपर्यंत जेवू घालावे आणि बैल व गाढवांना नेहमीपेक्षा जास्त चारा द्यावा.

चंडोलच का? इटलीच्या वाटांवर दिसणाऱ्या चंडोलाच्या डोक्यावर तुरा असतो. फ्रान्सिस यांना तो संन्याशाच्या टोपीसारखा वाटे. त्याचे पंख मातीच्या रंगाचे, म्हणजे बंधूंच्या झग्यासारखेच साधे. वाटेवरच्या शेणातूनही दाणा शोधून तो पोट भरतो आणि गात गात आकाशात चढतो. आपल्या बंधूंनी असे जगावे, हीच फ्रान्सिस यांची शिकवण होती.

फ्रान्सिस यांच्या अखेरच्या वर्षांत सम्राट होता दुसरा फ्रेडरिक. असिसीच्या सान रुफिनो मंदिरातील एकाच बाप्तिस्माकुंडावर दोघांचा बाप्तिस्मा झाला, असे परंपरा सांगते. या सम्राटालाही पक्ष्यांचे वेड होते, पण ते शिकारी ससाण्यांचे. ससाण्यांकरवी शिकार कशी करावी यावर त्याने मोठा ग्रंथ लिहिला. १२३१ साली त्याने सिसिलीच्या राज्यासाठी कायद्यांचा संग्रहही काढला. चंडोलांच्या दाण्यांचा कायदा मात्र कधीच निघाला नाही. एकाने पक्ष्याची झेप पाहिली, दुसऱ्याने त्याची भूक पाहिली.

येथे कोणी विचारील, माणसे उपाशी असताना पाखरांना धान्य कशाला? हा प्रश्न रास्त आहे. पण फ्रान्सिस यांची इच्छा पुन्हा नीट पाहा. गरिबाचे ताट बाजूला सारून त्यांनी पाखरांना दाणे मागितले नाहीत. दोघांसाठी त्यांनी एकाच दिवशी मागितले, आणि मागितले ते ज्यांच्याजवळ आहे त्यांच्याकडे. दया ही मोजून आणलेली पिशवी नव्हे, की पाखरांना दिले म्हणून माणसांना कमी पडावे. जो हात मूठभर दाणे टाकायला उघडत नाही, तो शेजाऱ्यासाठी सहज उघडेल याची खात्री कोण देईल? पाखरू आभार मानत नाही, परतफेड करत नाही. म्हणूनच त्याला दिलेले दान मनाची परीक्षा घेते.

१२२६ च्या ३ ऑक्टोबरला, शनिवारी संध्याकाळी, पोर्सियुंकुला येथे फ्रान्सिस यांनी देह ठेवला. चंडोल उजेडाचे पाखरू. तरी त्या सांजवेळी चंडोलांचा थवा झोपडीच्या छपरावर गात घिरट्या घालत होता, असे बंधूंनी लिहून ठेवले आहे. १२२८ साली ते संत घोषित झाले. १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना पर्यावरणाच्या कार्याचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले.

आता त्या चंडोलांचे काय? युरोपात शेतशिवारावर जगणाऱ्या पक्ष्यांची संख्या १९८० पासून निम्म्याहून अधिक घटली आहे. तणनाशकांनी तणाचे बी संपवले, कीटकनाशकांनी किडे संपवले. मूठभर दाण्यांनी ही तूट भरून येणार नाही. शेत कसे करावे हा कायद्याचाही प्रश्न आहे, आणि फ्रान्सिस कायदाच मागणार होते.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. आपल्या पाखरांचे खडतर दिवस एप्रिल-मे महिन्यांत येतात, तेव्हा दाण्यांपेक्षा पाण्याची गरज मोठी असते. सावलीत एक उथळ मातीचे भांडे ठेवावे आणि पाणी रोज बदलावे, एवढे आपल्यापैकी कोणालाही जमेल. आणि या नाताळला आपल्या ताटातील एक वाटा अशा घरी जावा, जेथून परत काही येणार नाही. संत फ्रान्सिस आपल्यासाठी विनंती करोत.