ऋण पुढे द्यायचे असते

वऱ्हाडात नुसते भाऊसाहेब म्हटले तरी पुढचे नाव सांगावे लागत नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांना अकोल्यात आपण कृषी विद्यापीठाच्या नावाने ओळखतो, अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या नावाने. मला मात्र त्यांच्या चरित्रातले वसतिगृहाचे पान सर्वांत जवळचे वाटते, कारण गेली तीन वर्षे मीही वसतिगृहात राहूनच शिकतो आहे.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी, शामराव आणि राधाबाई या शेतकरी दांपत्याच्या पोटी झाला. गावातली शाळा संपली आणि शिक्षणासाठी त्यांना घर सोडावे लागले. चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावतीचे हिंदू हायस्कूल, नंतर पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, असा त्यांचा प्रवास झाला. १९२० साली ते विलायतेला निघाले तेव्हा शामरावांनी शेती गहाण टाकून पैसा उभा केला. शेतकऱ्याने जमीन गहाण टाकणे म्हणजे काय, हे आपल्या भागात समजावून सांगण्याची गरज नाही. मुलानेही बापाच्या शेतीचे चीज केले. एडिंबरोला एम. ए., ऑक्सफर्डला वेदवाङ्मयातील धर्माच्या उगमावर आणि विकासावर डॉक्टरेट, शिवाय बॅरिस्टरची पदवी, एवढे मिळवून ते १९२६ साली परत आले.

एवढा शिकलेला माणूस मुंबई-नागपूरला वकिली थाटून सुखाने राहिला असता. भाऊसाहेबांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. २३ डिसेंबर १९२६ रोजी दिल्लीत स्वामी श्रद्धानंदांची हत्या झाली होती. त्यांचेच नाव या छात्रालयाला दिले.

या कामाचे मोल कळायचे तर तो काळ पाहिला पाहिजे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांचा पाया घातला. ती बहुतेक त्या त्या समाजासाठी वेगवेगळी होती, कारण मुलांना एकत्र जेवायला बसवणे त्या वेळी सोपे नव्हते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले. अमरावतीत भाऊसाहेबांनी तेच केले. खेड्यापाड्यांतून आलेली सर्व जातींची मुले छात्रालयात एकत्र राहू लागली, एका पंक्तीत जेवू लागली. त्याच १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या लढ्यात ते अस्पृश्य बांधवांच्या बाजूने उभे राहिले, आणि त्याच वर्षी मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. पंक्तीत जे मुलांना शिकवले ते आधी स्वतःच्या घरात आणले.

पुढे कामाचा व्याप वाढत गेला. १९२८ साली ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. १९३० ते १९३३ या काळात ते मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री होते. १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. घटना समितीचे ते सदस्य होते आणि १९५२ ते १९६२ केंद्रात कृषिमंत्री. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली उभे राहिले, ते पाहायला ते नव्हते.

हे सारे वाचताना माझ्या मनात एक विचार येतो. बापाने गहाण टाकलेल्या शेतीचे पैसे फेडता येतात, पण त्यामागचा विश्वास कसा फेडायचा? मला वाटते, भाऊसाहेबांनी तो बापाला परत न करता पुढच्या मुलाला दिला. ज्याची ओळखदेख नाही, ज्याची जात विचारायची नाही, अशा मुलाला.

हे मी अनुभवाने लिहितो. पहिल्या वर्षी कपाशी गेली आणि माझे मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकले. ते कोणीतरी भरले. कोणी, ते अधीक्षकांनी सांगितले नाही. इथेच राहून गेलेला जुना विद्यार्थी आहे, एवढेच कळले. त्या अनोळखी माणसाचे पैसे मी त्याला परत करू शकत नाही. पत्ताच नाही तर पाठवणार कुठे?

आपल्या वसतिगृहांचे माजी विद्यार्थी येतात, प्रेमाने येतात. कोणी भिंतीवरचे घड्याळ देतो, कोणी नाव कोरलेला पंखा. त्यांच्या भावनेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण अनामत रक्कम नाही म्हणून जो मुलगा दारातूनच गावाला परत जातो, त्याला पंख्याचा वारा लागत नाही. पैशाइतकीच पंक्तीचीही काळजी घेतली पाहिजे. आज आम्ही एका मेसमध्ये जेवतो, तरी ताट घेऊन कोण कोणाशेजारी बसतो हे पाहिले की १९२७ सालचे काम संपले असे म्हणवत नाही.

या वर्षी आम्ही काहीजण बाहेर पडतो आहोत. नोकरी लागेल तेव्हा लागेल, पगार असेल तेवढा असेल. पहिल्या पगारातून एका मुलाचा एका महिन्याचा मेसचा खर्च भरायचा, आणि नाव सांगायचे नाही, एवढे आम्ही खोलीत बसून ठरवले आहे. ज्यांना यात यावेसे वाटते त्यांनी जरूर यावे.