सुभेदार रामजी सकपाळ : वर्दी उतरल्यानंतरची चाकरी



काळाचौकीहून लालबाग ओलांडून परळच्या पोयबावडीकडे तुम्ही कितीदा तरी पायी गेला असाल. तिथल्या बी. आय. टी. चाळीत परमपूज्य बाबासाहेब कित्येक वर्षे राहत होते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पुढे कधी त्या बाजूने गेलात, तर बाबासाहेबांच्या बरोबरीने आणखी एका माणसाची आठवण करा. लष्करातून निवृत्त झालेला, थोड्याशा पेन्शनवर घर चालवणारा हा म्हातारा याच परळमध्ये राहत होता. ते म्हणजे बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. आपल्या घराघरांत बाबासाहेबांची तसबीर आहे. ती घडवणारा हात कसा होता, हे नवदीक्षित कुटुंबाने जाणून घेतले पाहिजे.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी लष्करात होते. रामजीही लष्करातच भरती झाले. त्या काळी गावात राहणाऱ्या महाराच्या वाट्याला काय होते, ते तुमच्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. गावकी, येसकरकी आणि शिळे तुकडे. लष्करात मात्र वेगळी गोष्ट होती. तिथे शिपायाला आणि त्याच्या मुलाबाळांना शिक्षण सक्तीचे होते. गावच्या शाळेने ज्याला दाराबाहेर ठेवले असते, त्याच्या हाती पलटणीने पाटी दिली. रामजींनी तिचे सोने केले. लष्करी शिक्षक तयार करणाऱ्या पुण्याच्या शाळेत ते शिकले, इंग्रजी शिकले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. सुभेदार ही पदवी मिळाली. मुरबाडचे सुभेदार-मेजर धर्मा यांची कन्या भीमाबाई या त्यांच्या पत्नी. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांच्या पोटी भीमरावांचा जन्म झाला. हे त्यांचे चौदावे अपत्य.

त्याच सुमारास लष्कराचे दार आपल्यासाठी बंद झाले. १८९२ साली महारांची भरती बंद करण्याचा हुकूम निघाला. ज्या दारातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे गावकुसाबाहेरून उजेडात आली, तेच दार मिटले. रामजी स्वस्थ बसले नाहीत. या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार करून घेण्यासाठी ते न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले. त्या अर्जाने हुकूम फिरला नाही. पण मुलांना पलटणीच्या भरवशावर सोडता येणार नाही, हे या बापाला कळून चुकले असले पाहिजे.

१८९४ च्या सुमारास रामजी निवृत्त झाले आणि कुटुंब दापोलीला आले. दापोली ही लष्करी पेन्शनरांची वस्ती. 'विटाळ विध्वंसक' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हेही लष्करातून निवृत्त होऊन तिथेच राहिले होते. रामजींनाही तिथे विसावता आले असते. परंतु त्यांनी पुन्हा नोकरी धरली आणि बिऱ्हाड साताऱ्यास हलवले. तिथे थोड्याच काळात भीमाबाई वारल्या. मुलांचा सांभाळ रामजींची बहीण मीराबाई यांनी केला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात घातले गेले. हाच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

वाचकहो, वर्दी उतरल्यावर सुभेदाराची किंमत किती राहते, हे पुढच्या प्रसंगात पाहा. साल १९०१. रामजी तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामाच्या तलावावर रोखपाल होते. सरकारचा पैसा त्यांच्या हातून मजुरांना वाटला जात होता. सुट्टीत त्यांनी मुलांना तिकडे बोलावले. भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि दोन भाचे नवे कपडे, जरीकाठी टोप्या घालून मसूर स्टेशनवर उतरले. येत असल्याचे पत्र रामजींना मिळालेच नव्हते, त्यामुळे घ्यायला कोणी आले नाही. पोरांचा पोशाख पाहून स्टेशनमास्तर आस्थेने बोलला. जात कळताच मागे सरला. एकही गाडीवान गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही पोरांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, या अटीवर. बरोबर डबा होता, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही. रात्रभर ती मुले तहानलेली राहिली. सुभेदाराच्या पगाराने दुप्पट भाडे भरता आले, पेलाभर पाणी मात्र विकत मिळाले नाही. महाड आणि काळाराम यांची मुळे शोधायची असतील, तर या रात्रीत शोधा.

पुढे १९०४ च्या सुमारास रामजी मुलांना घेऊन मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत संसार मांडला. तिथेच भांडी, तिथेच सरपण, तिथेच अभ्यास. दोन्ही मुलांना शिकवण्याइतके पैसे नव्हते. आनंदरावांची शाळा सोडवून त्यांना कामाला लावावे लागले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले. मुलगा लवकर निजे. बाप पहाटे दोनपर्यंत जागा राही, मग मुलाला अभ्यासाला उठवून स्वतः आडवा होई. पुस्तकाला पैसे नसत, तेव्हा रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात. कधी चार रुपये मिळत, कधी एखादा दागिना. तो सावकाराकडे गहाण पडे आणि पेन्शनच्या दिवशी सोडवून परत जाई. पेन्शन कोठे खर्चायचे, याविषयी रामजींच्या मनात कधी गोंधळ नव्हता.

रामजी कबीरपंथी होते. घरात नेमाने पाठ होई, मुलांना रामायण-महाभारतही वाचावे लागे. आज बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या तुम्हांला हे खटकेल. ते भीमरावांनाही खटकले होते. हे ग्रंथ आपण का वाचावेत, असे त्यांनी वडिलांना विचारले. अस्पृश्य म्हणून मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये, हीन मानलेली माणसेही मोठी होतात हे त्यांना दिसावे, असा वडिलांचा हेतू होता. मुलाचे समाधान झाले नाही. पण मुलाने विचारावे आणि बापाने उत्तर द्यावे, अशी त्या घराची रीत होती. तथागतांनी कालामांना सांगितले तेही याच वाटेने जाते. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी भीमरावांना बुद्धचरित्र भेट दिले. ज्या मुलाला प्रश्न विचारण्याची सवय होती, त्याच्या हाती ते पडले. १९५६ च्या नागपूरची सुरुवात तिथून मोजता येते.

बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदे संस्थानच्या नोकरीस गेले. रामजींना ते पसंत नव्हते. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार गेली. मुलगा धावत आला. त्याला डोळे भरून पाहून २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांनी प्राण सोडला. मुलगा कोलंबियाला गेलेला त्यांनी पाहिला नाही. दहा वर्षांनी बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला इंग्रजी ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाचे ऋण मान्य केले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. तोवर रामजींच्या खटपटीला जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी आईबापांची कर्तव्ये सांगितली आहेत. मुलांना वाईटापासून आवरावे, चांगल्याकडे वळवावे, विद्या-हुन्नर शिकवावा, ही त्यांतली. रामजींनी त्रिशरण घेतले नव्हते, पण हे कर्तव्य त्यांनी अक्षरशः पाळले. तुमच्या घरातही कोणी पलटणीतून, पोलिसातून, एखाद्या कारखान्यातून निवृत्त होऊन येईल. त्याच्या हाती एकरकमी पैसा येईल. तो मोठ्या लग्नात, मांडवात, मानपानात घालवायचा की मुलांच्या शिक्षणात, हा प्रश्न त्या दिवशी तुमच्यापुढे उभा राहील. उत्तर देताना डबक चाळीतली ती खोली आठवा.

आणखी एक आठवा. त्या पुस्तकांची किंमत मुलींच्या दागिन्यांनी भरली आणि एका भावाच्या सुटलेल्या शाळेने भरली. रामजींपुढे दुसरा मार्ग नव्हता. तुमच्यापुढे आहे. एकासाठी दुसऱ्याची, मुलासाठी मुलीची पाटी हिरावून घेऊ नका. सुभेदारांना जे साधले नाही ते तुम्ही साधलेत, तर त्यांचे खरे स्मरण झाले.

जय भीम.