इंग्रजी व्याकरण वाचून मराठीचं व्याकरण लिहिलं, मग आयुष्यभर स्वतःच्याच चुका दुरुस्त केल्या

जाफराबादहून पुण्याला शिकायला आले तेव्हा पहिल्याच दिवशी ओळख करून देताना मी मायसेल्फ म्हणाले आणि मागच्या बाकावर खसखस पिकली. पुढे कळलं की डिस्कस अबाउट, रिटर्न बॅक, कझिन ब्रदर हेही चुकीच्या यादीत आहे. हे सगळं ऐकून काही लोकांच्या कपाळावर आठी पडते. अशी आठी पडणारे लोक मला तेव्हापासून फार इंटरेस्टिंग वाटतात. त्यांच्यापैकी सगळ्यात मोठा माणूस शोधायला गेले तर सापडले दादोबा पांडुरंग तर्खडकर.

(तर्खडकर म्हटलं की घरातल्या मोठ्यांना भाषांतर पाठमाला आठवेल. ती या दादोबांची नाही, दुसऱ्या तर्खडकरांची.)

दादोबांचा जन्म 9 मे 1814 चा, मुंबईचा. त्यांच्या लहानपणी मुंबईत इंग्रजी शाळा नुकत्याच सुरू होत होत्या. त्यात शिकलेल्या पहिल्या काही पोरांपैकी ते एक. इंग्रजी शिकताना त्यांच्या हाती पडलं लिंडले मरे यांचं व्याकरण. हे मरे मूळचे अमेरिकेतले वकील. तब्येतीमुळे इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ राहायला आले आणि तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी त्यांनी 1795 मध्ये हे पुस्तक लिहिलं. बघता बघता ते जगभर पोचलं. इंग्रजीत काय बरोबर आणि काय चूक, याचा निकाल कित्येक वर्षं मरेंच्या पुस्तकावरून लागायचा.

आता दादोबांची अडचण समजून घ्या. परक्या भाषेचे नियम पुस्तकात छापलेले आहेत आणि घरी बोलतो त्या भाषेला मराठी मुलाच्या हातात देता येईल असं नीट व्याकरणच नाही. मराठीची व्याकरणं तोवर अजिबात नव्हती असं नाही. विल्यम कॅरी या मिशनऱ्याने 1805 मध्येच एक छापलं होतं, पण ते मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजांसाठी. मग दादोबांनी स्वतःच लिहायला घेतलं. 1836 मध्ये त्यांचं महाराष्ट्र भाषेचं व्याकरण प्रसिद्ध झालं, तेव्हा ते जेमतेम 22 वर्षांचे होते.

साचा घेतला मरेंचा. आणि इथेच खरी गंमत सुरू होते, कारण इंग्रजीच्या मापाचा सदरा मराठीला नीट बसत नाही. इंग्रजीत प्रिपोझिशन नामाच्या आधी येतं. मराठीत आपण टेबलावर, झाडाखाली म्हणतो, म्हणजे तोच शब्द नामाच्या मागे येऊन चिकटतो. इंग्रजीत टेबल आणि खुर्ची दोन्ही निर्जीव म्हणून एका पंगतीला. आपल्याकडे ते टेबल आणि ती खुर्ची. विभक्तीचा हिशेब तर संस्कृतकडून आलेला. इंग्रजी आणि संस्कृत या दोन्ही बाजूंच्या ओढाताणीत मराठीचे नियम बसवायचे होते. (डिस्कस अबाउटचं मूळही अशाच ठिकाणी आहे. मराठीत चर्चा कशाबद्दल तरी करावी लागते, म्हणून आपण इंग्रजीतही ते बद्दल सोडत नाही.)

व्याकरण लिहिणारा माणूस म्हटलं की छडी हातात घेतलेला मास्तर डोळ्यांपुढे येतो. दादोबा मास्तर होतेच, पण रूढी पाळणारे नव्हते. सुरतला असताना 1844 मध्ये त्यांनी दुर्गाराम मेहताजी वगैरे मंडळींबरोबर मानवधर्म सभा काढली. मुंबईत 1849 मध्ये परमहंस सभा निघाली, त्यामागेही ते होते. जातिभेद मोडायचा म्हणून सभासद गुपचूप एकत्र जेवायचे. 1860 च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटणार या भीतीने माणसं पांगली आणि सभा संपली. दादोबांनी मधल्या काळात नगरकडे डेप्युटी कलेक्टरची नोकरी केली, रावबहादूर झाले.

घरही तसंच. भाऊ भास्कर पांडुरंग यांनी 1841 मध्ये इंग्रजी वर्तमानपत्रात टोपणनावाने पत्रं लिहून कंपनी सरकारचे वाभाडे काढले, तेही इंग्रजांच्याच भाषेत. धाकटे डॉ. आत्माराम प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष. आत्मारामांची मुलगी अन्नपूर्णा हिने 1878 मध्ये विलायतेला निघालेल्या रवींद्रनाथ टागोरांना इंग्रजी बोलायला शिकवलं. त्याच वर्षी दादोबांचं स्वतःचं इंग्रजी पुस्तकही लंडनला छापलं गेलं, स्वीडनबॉर्ग या स्वीडिश तत्त्वज्ञाच्या विचारांवर.

पण मला दादोबा आवडतात ते वेगळ्याच कारणाने. दुसऱ्याच्या चुका काढणं सोपं असतं, आपली चूक छापून झाल्यावर ती मान्य करणं जड जातं. त्यांनी 1850 मध्ये आपलं व्याकरण पुन्हा हाती घेऊन सुधारलं आणि वाढवलं. 1865 मध्ये शाळेतल्या मुलांसाठी लघुव्याकरण काढलं. पुण्यात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी शालापत्रकातून मराठी व्याकरणावर निबंध लिहिले, त्यात दादोबांच्या मतांची कसून तपासणी केली. चिपळूणकर काही ऐरेगैरे नव्हते. अशा माणसाने उघड चुका दाखवल्या की कुणालाही झोंबेल.

तिकडे मरेंचंही तेच झालं. ते वारल्यावर चाळीसेक वर्षांनी जॉर्ज वॉशिंग्टन मून नावाच्या गृहस्थांनी मरेंचंच इंग्रजी किती वाईट आहे, यावर अख्खं पुस्तक लिहिलं. जगाला शुद्ध इंग्रजी शिकवणाऱ्याच्या वाक्यांत त्याच्याच नियमांना न जुमानणाऱ्या जागा त्यांनी शोधून काढल्या. मरेंना उत्तर द्यायची संधी नव्हती. दादोबांना होती.

1881 मध्ये, वयाच्या 67 व्या वर्षी, त्यांनी आपल्या व्याकरणाला आणखी एक पूरणिका जोडली. म्हणजे पुरवणीच. पहिलं पुस्तक निघून तेव्हा 45 वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी, 17 ऑक्टोबर 1882 ला, ते वारले. मराठी व्याकरणाचा वाद मात्र चालूच राहिला. 1911 मध्ये मोरो केशव दामल्यांचं जाडजूड शास्त्रीय मराठी व्याकरण आलं आणि त्यात आधीच्या सगळ्या वैयाकरणांची, दादोबांचीही, पुन्हा एकदा झडती झाली.