फादर थॉमस स्टीफन्स : जीवन आणि कार्य

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासात अग्रस्थानी असलेले फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होते. त्यांचा जन्म सुमारे १५४९ मध्ये इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. वडील लंडनमध्ये व्यापार करीत. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक पंथीयांना उघडपणे उपासना करणे धोक्याचे होते. त्यामुळे अनेक कुटुंबांत प्रार्थना घराच्या चार भिंतींआडच होत असे. १५७५ मध्ये स्टीफन्स यांनी रोम येथे येशू संघात प्रवेश केला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले आणि प्रवासाचा सविस्तर वृत्तान्त त्यांनी वडिलांना पत्राने कळविला. त्यानंतर ते मायदेशी कधीच परतले नाहीत.

त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतात गेले. तेथील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती आणि लोकांच्या मनात रोष धुमसत होता. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले. अशा वातावरणात स्टीफन्स यांनी लोकांची भाषा आत्मसात केली. त्याच वर्षी आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशी जुळते, असे निरीक्षण नोंदविले. विल्यम जोन्स यांच्या सुप्रसिद्ध प्रतिपादनापूर्वी सुमारे दोनशे वर्षे केलेले हे निरीक्षण भाषाभ्यासकाने विशेष लक्षात ठेवावे.

नवख्रिस्ती कुटुंबांपुढील अडचण केवळ धर्मतत्त्वांची नव्हती. पुराणश्रवणाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय तुटली होती आणि तिची जागा घेईल असे काही त्यांच्या भाषेत नव्हते. लॅटिन उपासना कानावर पडे, पण तिचा अर्थ बहुतेकांना उमगत नसे. ही उणीव ओळखून स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये राचोल येथे ते रोमन लिपीत छापले गेले. दोन भाग, पंच्याण्णव अवस्वर आणि सुमारे अकरा हजार ओव्या असा त्याचा विस्तार आहे. बायबलमधील कथा सांगताना त्यांनी ओवी छंद स्वीकारला. स्वर्गासाठी वैकुंठासारखे रूढ शब्द योजले. त्यामुळे नवी श्रद्धा परिचित लयीत ऐकता आली. नित्याच्या प्रार्थना व धर्मतत्त्वे शिकविण्यासाठी त्यांनी कोकणीत प्रश्नोत्तररूप पुस्तिकाही सिद्ध केली. १६१९ मध्ये त्यांचे निधन झाले. ही पुस्तिका १६२२ मध्ये, तर त्यांचे कोकणी व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले.

१६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापरावर बंधने घातली आणि गोव्यात पुराणवाचनाची परंपरा क्षीण झाली. तथापि दक्षिणेकडे कानडा प्रांतात स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली. त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूर येथे जे. एल. सालढाणा यांनी नवी आवृत्ती काढली, तर १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. आज पहिल्या छापील आवृत्तीची एकही प्रत ज्ञात नाही. छापखाना आणि राजसत्ता यांच्या आधाराविना हा ग्रंथ टिकला, तो प्रामुख्याने घराघरांतील वाचनामुळे. ‘ख्रिस्तपुराणा’चे मूल्यमापन करताना त्याच्या काव्यगुणांबरोबरच हे सामाजिक कार्यही विचारात घेणे आवश्यक ठरते.