मराठीचे पाणिनी आणि मोबाइलमधली लाल रेघ

मागच्या महिन्यात भिंगारला बहिणीकडे गेलो होतो. भाची नववीत आहे. शाळेसाठी तिने आजीवर निबंध लिहिला होता, तोही मोबाइलवर, आणि मग एका ॲपमध्ये टाकून तपासून घेतला होता. ॲपने दहापैकी सात गुण दिले, सोबत बारा सूचना. आजीच्या तोंडचं व्हती खोडून होती करा, छोटी वाक्यं जोडा, शेवटी एक परिच्छेद वाढवा. भाचीने सगळं मान्य केलं आणि गुण साडेआठ झाले. निबंध वाचला तर त्यातून आजीच गायब! मी तसं म्हणालो, तर पोरगी चिडली. मशीनला व्याकरणाचे नियम माहीत असतात, मामाला काय कळतंय, असं तिचं म्हणणं.

आता मला सांगा, मशीनला मराठीचे नियम कुठून कळले? हा प्रश्न डोक्यात बसला आणि त्याच्या मागे जाता जाता मी दादोबा पांडुरंग तर्खडकरांपर्यंत पोहोचलो. गंमत म्हणजे हा माणूस आमच्या नगरलाच सरकारी नोकरीत होता.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४, मुंबईचा. शिक्षणही तिथलंच. वयाच्या साधारण बाविसाव्या वर्षी, १८३६ मध्ये, त्यांनी मराठी भाषेचं व्याकरण छापलं. त्याआधी विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये आलं होतं, पण ते इंग्रजीत, म्हणजे मराठी शिकणाऱ्या साहेबांसाठी. मराठी मुलांना मराठीतूनच मराठी समजावणारी छापील पुस्तकं तेव्हा नुकतीच येऊ लागली होती, त्यातलं हे एक. दादोबा इंग्रजी शिकलेले, त्यामुळे मांडणीवर इंग्रजी व्याकरणाचा ठसा होता. आज आपण त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतो.

पण मला जास्त आवडलेली गोष्ट पुढची आहे. १८५० मध्ये त्यांनी त्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली, तीही जुनं जसंच्या तसं न छापता, बरंच सुधारून आणि वाढवून. मधल्या काळात त्यांनी भरपूर शिकवलं होतं. मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये, मग सुरतेच्या इंग्रजी शाळेत, नंतर मुंबईत नवे शिक्षक घडवणाऱ्या वर्गाचे प्रमुख म्हणून. पुढे १८६५ मध्ये शाळेतल्या पोरांसाठी त्यांनी छोटं व्याकरणही लिहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर माणूस आयुष्यभर अपडेट देत राहिला.

आता थोडं तंत्रज्ञान. मोबाइलचा स्पेलचेक मराठीत कसा चालतो? घर हा एक शब्द घ्या. घरात, घराला, घराचं, घरापासून, घरातल्यांनाही... ही सगळी रूपं शब्दकोशात भरत बसलो तर यादी संपणारच नाही. म्हणून अशा प्रोग्रॅमला मूळ शब्दांची यादी आणि प्रत्यय लावायचे नियम वेगवेगळे देतात. घोडा ला प्रत्यय लागला की घोड्याला होतं, हे त्याला आधी सांगावं लागतं. विभक्ती, लिंग, वचन, काळ या नावांनी भाषेची ही मशिनरी उलगडायचं काम दादोबांसारख्या लोकांनी केलं. आपण शाळेत ते पाठ करून कंटाळतो, ते सोडा.

चॅटबॉटवर चालणारी नवी ॲप्स नियम न वाचता लाखो पानांचा मजकूर वाचून शिकतात. इंटरनेटवर मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फार कमी, आणि आहे त्यात बातम्या, सरकारी कागद असली छापील भाषाच जास्त. मग भिंगारच्या आजीचं व्हती त्याला चूक वाटलं तर नवल काय!

गुण देणारं मशीनही आजचं नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत एलिस पेज या प्राध्यापकांनी संगणकाने निबंध तपासायचा प्रयोग मांडला. पेज आधी शाळेत इंग्रजी शिकवायचे. निबंधांचे गठ्ठे तपासून शिक्षक थकतात आणि म्हणून मुलांना कमी लिहायला देतात, हे त्यांचं दुखणं खरं होतं. पण संगणकाला अर्थ कळत नव्हता. म्हणून तो निबंधाची लांबी, शब्दांची सरासरी लांबी, स्वल्पविराम अशा गोष्टी मोजायचा, आणि शिक्षकांनी दिलेल्या गुणांशी त्यांचा मेळ बसायचा. (आपला स्वल्पविरामही इंग्रजीतूनच आलाय बरं का. मेजर थॉमस कँडी यांनी दादोबांच्याच काळात विरामचिन्हं मराठीत रुजवली.) पुढे २०१४ मध्ये लेस पेरेलमन या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने निरर्थक निबंध तयार करणारा प्रोग्रॅम बनवला. भारदस्त शब्दांचे ते अर्थशून्य निबंध अशा मशीनकडून चांगले गुण घेऊन आले.

परत दादोबांकडे येतो, कारण व्याकरण सोडून उरलेला माणूसही भारी आहे. सुरतेत १८४४ मध्ये ते मानवधर्मसभेत होते. मुंबईत १८४९ च्या सुमारास परमहंस सभा सुरू झाली, तिच्यामागेही तेच. ही सभा गुप्त होती. जात मानायची नाही हा तिचा नियम आणि सभासदांनी इतर जातीच्या माणसाच्या हातचं खायचं. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटली आणि सभा मोडली. डेटा लीक म्हणजे काय, हे त्या लोकांना चांगलंच कळलं असणार.

१८५२ मध्ये ते डेप्युटी कलेक्टर म्हणून नगरला आले. नगर आणि भिंगार यांच्यामध्ये फक्त भुईकोट किल्ला, म्हणजे आमच्या दारातच म्हणा ना. भिल्लांचा उठाव मोडण्यातल्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर केलं. हे वाचून मला जरा टोचलं. जात मोडायला निघालेला माणूस इथे येऊन कंपनी सरकारचा अधिकारी म्हणून भिल्लांच्या विरोधात उभा राहिला. त्यांचेच भाऊ भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये इंग्रजी राजवटीवर वर्तमानपत्रातून सडकून टीका केली होती. एकाच घरात दोन्ही! दुसरे भाऊ डॉक्टर आत्माराम प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झाले. दादोबा १७ ऑक्टोबर १८८२ ला गेले.

नगरच्या कचेरीत अर्ज घेऊन आलेल्या लोकांकडून व्हती त्यांच्याही कानावर पडलं असणार. त्यांनी पुस्तकात बसवली ती मात्र शिकलेल्यांची मराठी.

भाचीला मी शेवटी एक गोष्ट करून दाखवली. दादोबांच्या काळातल्या छापील मराठीसारखी चार वाक्यं त्याच ॲपमध्ये टाईप केली. नांव, कांहीं, घरें, झालें. तेव्हा असेच अनुस्वार द्यायचे. उच्चारात नसलेले हे अनुस्वार नकोत, हा नियम साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनातला. ॲपने जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ मारली. म्हणजे खुद्द मराठीच्या पाणिनींचा निबंध या ॲपकडे दिला तर नापास!

भाची हसली आणि मोबाइल ओढून घेतला. बारा सूचनांतल्या पाच तिने ठेवल्या. ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका तर खरोखर चुका होत्या, त्या मलाही दिसल्या नव्हत्या. वाढवलेला परिच्छेद उडाला. आजीचं व्हती परत आलं. गुण साडेआठवरून पावणेसातवर घसरले, ते बघून तिचं तोंड उतरलं, पण तसाच तिने तो वहीत उतरवला. बाईंनी तपासून दिला की मला फोटो पाठवणार आहे. अजून आलेला नाही.