फिट खरी, पण मिरगी नाही: डॉ. शार्कोंना काय कळलं आणि ते कुठे चुकले?

खोली पुरुषांनी भरलेली. समोर एक तरुणी शुद्ध हरपून सहाय्यकाच्या हातावर कलंडलीय आणि बाजूला उभे असलेले डॉक्टर शांतपणे शिकवतायत. आंद्रे ब्रुइए यांनी १८८७ मध्ये रंगवलेलं हे चित्र. ती तरुणी ब्लांश विटमन आणि डॉक्टर आहेत झाँ-मार्टिन शार्को.

शार्को यांचा जन्म १८२५ चा, पॅरिसमधला. वडील घोडागाड्या बनवायचे. १८६२ मध्ये शार्को साल्पेट्रिएर रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर झाले. कधीकाळी बारूद बनवण्याच्या या जागेत आता हजारो गरीब, आजारी स्त्रिया राहायच्या. श्रीमंत डॉक्टरांना ही जागा नकोशी वाटायची. शार्कोंना मात्र ती अभ्यासाची खाण वाटली.

त्यांची पद्धत साधी होती. रुग्णाची लक्षणं बारकाईने टिपायची आणि मृत्यूनंतर मेंदू, मज्जारज्जू तपासायचा. यातूनच त्यांनी मल्टिपल स्क्लेरोसिससारखे आजार नीट मांडले.

पण एका आजारापुढे ही पद्धत अडली. काही स्त्रियांना मिरगीसारख्या फिट यायच्या, पण मेंदूत बिघाड सापडत नव्हता. लोक त्याला नाटक म्हणायचे. हा आजार गर्भाशयातून होतो, अशीही जुनी समजूत होती. शार्कोंनी दोन्ही गोष्टी नाकारल्या. हा त्रास खरा आहे आणि तो पुरुषांनाही होतो, हे त्यांनी अपघातातून वाचलेल्या कामगारांची उदाहरणं देऊन दाखवलं.

मग चूक कुठे झाली?

१८७० च्या सुमारास मिरगीच्या आणि हिस्टेरियाच्या रुग्ण एकाच विभागात ठेवल्या गेल्या. एकीची फिट दुसरी रोज बघायची. शार्कोंनी झटक्याचे चार ठरावीक टप्पे सांगितले होते. संमोहन करून ते सगळ्यांसमोर दाखवले जायचे, त्यांचे फोटो निघायचे. हळूहळू झटकेही त्याच क्रमाने येऊ लागले. रुग्ण खोटं वागत होत्या असं नाही. डॉक्टरांची अपेक्षाच नकळत त्यांच्या शरीरात उतरत होती.

१८८५ मध्ये व्हिएन्नाहून आलेल्या सिग्मंड फ्रॉइडवर या वर्गांचा मोठा प्रभाव पडला. या आजाराचा माग त्याने पुढे मनात काढला.

शार्को १८९३ मध्ये गेले. शेवटी शेवटी त्यांना आपली मतं पुन्हा तपासायची होती, असं त्यांच्या सचिवाने नंतर लिहून ठेवलं. ब्लांशला पुढे तसे झटके आले नाहीत, असं सांगतात. ती त्याच रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात काम करू लागली.

आज अशा झटक्यांना सायकोजेनिक नॉन-एपिलेप्टिक सीझर्स म्हणतात. व्हिडिओ ईईजीमध्ये झटका येत असतानाच मेंदूतले विद्युत संकेत नोंदवले जातात. मिरगीत दिसणारे बदल इथे दिसत नाहीत. काही जणांना दोन्ही त्रास असतात, म्हणून तपासणी महत्त्वाची. मिरगीची औषधं या झटक्यांवर चालत नाहीत, मानसोपचाराचा उपयोग होऊ शकतो.

रुग्ण हे मुद्दाम करत नाही, हे शार्कोंचं म्हणणं आजही टिकून आहे. आणि रुग्णाभोवतीची माणसं कशी वागतात, याचाही आजारावर परिणाम होतो, हे त्यांच्या चुकीने शिकवलं.