पॉल गोगँ

पॉल गोगँ (७ जून १८४८ – ८ मे १९०३) हा उत्तर दृक्प्रत्ययवादी संप्रदायातील एक प्रमुख फ्रेंच चित्रकार होता. त्याचा जन्म पॅरिसमध्ये झाला. बालपणीची काही वर्षे पेरू देशातील लिमा येथे आईच्या नातलगांकडे गेली. तिकडे जाताना वाटेतच त्याच्या पत्रकार वडिलांचा मृत्यू झाला. तरुणपणी जहाजांवर नोकरी केल्यानंतर तो पॅरिसच्या शेअर बाजारात काम करू लागला. १८७३ मध्ये त्याने मेट गाड या डॅनिश तरुणीशी विवाह केला. त्यांना पाच मुले झाली.

चित्रकला हा आरंभी त्याचा केवळ छंद होता. १८८२ मध्ये बाजार कोसळला व पुढील वर्षी त्याने नोकरी सोडली. मिळकत आटल्यावर पत्नी मुलांसह कोपनहेगनला राहिली आणि कुटुंब कायमचे दुरावले. १८८८ मध्ये आर्ल येथे व्हिन्सेंट व्हॅन गॉखबरोबरचा त्याचा सहवासही दोनच महिन्यांत भांडणाने संपला.

आदिम जीवनाच्या शोधात तो १८९१ मध्ये ताहितीला गेला. परंतु ती तेव्हा फ्रेंच वसाहत होती आणि बहुतेक रहिवासी ख्रिस्ती झालेले होते. त्याच वर्षीच्या ‘इया ओराना मारिया’ या चित्रात हा संकर उघड दिसतो. यातील मेरी व बाळ येशू ताहितीयन आहेत, मेरीने फुलाफुलांचे पारेओ वस्त्र नेसले आहे, तर हात जोडलेल्या दोन स्त्रियांच्या मुद्रा जावातील बोरोबुदूर या बौद्ध स्तूपावरील शिल्पांच्या छायाचित्रावरून घेतल्या आहेत. ताहितीच्या प्राचीन देवतांच्या कथाही त्याने मुख्यतः मोरेनहाउट या युरोपीयाच्या १८३७ मधील ग्रंथातून उचलल्या. त्यामुळे त्याच्या चित्रांतील पॉलिनेशिया बराचसा त्याने कल्पिलेला आहे.

‘मानाओ तुपापाऊ’ (१८९२) या चित्रासाठी बसलेली तेहामाना त्याच्याच लेखनानुसार सुमारे तेरा वर्षांची होती. तिला त्याने पत्नी म्हणून ठेवले होते. या वर्तनावर आज कठोर टीका होते व ती अनाठायी नाही.

१८९३ मध्ये तो फ्रान्सला परतला, पण १८९५ मध्ये पुन्हा ताहितीला गेला. १८९७ मध्ये कन्या आलीनच्या निधनाची वार्ता आली. कर्ज, आजार व नैराश्याच्या या काळात त्याने मानवाचे मूळ, स्वरूप आणि गंतव्य यांविषयी प्रश्न विचारणारे सुमारे पावणेचार मीटर रुंदीचे भव्य चित्र रंगविले. ते सध्या बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे.

१९०१ मध्ये तो मार्केझास द्वीपसमूहातील हिवा ओआ बेटावर गेला. वसाहतीच्या अधिकाऱ्यांशी झालेल्या संघर्षात त्याला बदनामीबद्दल तीन महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. ती भोगण्यापूर्वीच आतुओना येथे तो मरण पावला. १९०६ मध्ये पॅरिसमध्ये भरलेल्या त्याच्या मोठ्या प्रदर्शनाचा तरुण पिकासोवर खोल प्रभाव पडला.